झाकण नंतर लावू

या जातीचा माणूस ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला झाकण नसतं. रेडिओची पाठ उघडी. इमर्जन्सी लाइटची बॅटरी पोटातून काढून शेजारी रबरबँडनं बांधलेली. मिक्सरला तेवढं झाकण असतं, कारण मिक्सरला हात लावलात तर मी माहेरी जाईन, असं काकूंनी फार पूर्वी निक्षून सांगितलेलं असतं. बाकी सगळ्या झाकणांचे स्क्रू मेतकुटाच्या रिकाम्या बरणीत जमा झालेले. "झाकण नंतर लावू" हे वाक्य त्या घरात इतक्यांदा उच्चारलं गेलेलं असतं, की नातवंडं भातुकलीतल्या कुकरलाही झाकण लावत नाहीत.

सोसायटीत त्यांना सर्किटकाका म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे नुसतं सर्किट. काकांना दोन्ही माहीत असतं आणि दोन्ही चालतं.

गंमत अशी, की या काकांनी जन्मभर नोकरी केलेली असते ती बँकेत, विमा कंपनीत, नाहीतर जिल्हा परिषदेत. जे खरोखर इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकरीत होते ते निवृत्तीनंतर भजनी मंडळात जातात आणि घरचा फ्यूज उडाला तर वायरमनला फोन लावतात. आमच्या काकांनी बँकेत लेजरं लिहिली. त्या लेजरांच्या मागच्या कोऱ्या पानांवर कसल्या आकृत्या आहेत, असा शेरा एका ऑडिटरनं मारल्याचं ते अभिमानानं सांगतात.

हा नाद शाळेत लागला. त्या काळी ओसी-७१ नावाचा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर मिळायचा. पेराएवढी काचेची नळी आणि तिला वरून काळा रंग. रंग अशासाठी, की जर्मेनियमवर उजेड पडला की त्यातून जास्तीचा करंट वाहायला लागतो, आणि रेडिओ खिडकीतल्या उन्हाच्या मर्जीवर चालायला लागतो. मुद्दाम उजेड ओळखण्यासाठी बनवलेला ओसीपी-७१ वेगळा मिळायचा आणि तो महाग होता. जगभरच्या हौशी पोरांनी लवकरच हेरलं, की स्वस्तातल्या ओसी-७१चा रंग ब्लेडनं खरवडला की तो महागड्याचं काम करतो. पुढे कंपनीनंही हे हेरलं आणि नळीच्या आत उजेड न जाणारा लेप भरायला सुरुवात केली. पण तोवर काकांनी वडिलांचं दाढीचं ब्लेड घेऊन आपल्यापुरता एक खरवडला होता. ते ब्लेड वापरून दुसऱ्या दिवशी दाढी केल्यावर वडिलांनी त्यांना खरवडलं. वस्तू उघडी केली की तिचा गुण वाढतो, हा काकांचा सिद्धांत तेव्हाचा.

त्याला थोरामोठ्यांचा दाखलाही आहे. दिवाणखान्यात इतरांकडे जिथे आजोबांची तसबीर असते तिथे काकांकडे पहिल्या ट्रान्झिस्टरचा फोटो आहे. डिसेंबर १९४७, न्यू जर्सीतली बेल प्रयोगशाळा. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा पत्रा चिकटवला, टोकाशी तो ब्लेडनं बारीक चिरला आणि स्प्रिंगनं जर्मेनियमच्या ढेकळावर दाबून धरला. एका बाजूनं बारीक सिग्नल दिला, दुसऱ्या बाजूनं तो मोठा होऊन निघाला. फोटोत ते सगळं ध्यान जसंच्या तसं दिसतं. काका पाहुण्याला फोटोपाशी नेतात, बोट ठेवतात आणि विचारतात, "आहे झाकण?" पाहुणा नाही म्हणतो. मग चहा येतो.

या शोधाची बाकी हकिकतही काकांना सोयीपुरती पाठ आहे. त्या दोघांचे साहेब विल्यम शॉकली. पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये आपला थेट हात नाही हे त्यांना फार लागलं. नववर्षाच्या सुमारास ते शिकागोच्या हॉटेलात खोली बंद करून बसले आणि जानेवारी १९४८ संपायच्या आत त्याहून बरा जंक्शन ट्रान्झिस्टर कागदावर उतरवून मोकळे झाले. काकू रुसल्या की काका म्हणतात, "राग असा असावा." १९५६ साली तिघांना मिळून नोबेल जाहीर झालं, त्या सकाळी बार्डीन घरी नाश्त्याची अंडी करत होते आणि बातमी ऐकून त्यांच्या हातातला तवाच खाली पडला. "सायंटिफिक माणसाला ओट्यापाशी उभं करणं धोक्याचं असतं," हा त्याचा काकांनी काढलेला अर्थ. काकूंनी तो कधीच मान्य केलेला नाही.

हे काका मुंबईचे असतील तर महिन्यातून एकदा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जातात. पुण्याचे असतील तर चारचौघांत मोठ्यानं म्हणतात, "जरा बुधवारात जाऊन येतो," आणि काकू घाईघाईनं पुरवणी जोडतात, "तापकीर गल्लीत. पार्ट आणायला." दुकानदार त्यांना ओळखून असतो. चहापेक्षा स्वस्त असलेला बीसी-५४७ घेताना काका तो मल्टीमीटरवर तपासून घेतात. दहा घेतात, दहाही तपासतात. मागे कॉलेजची पोरं रांगेत खोळंबलेली असतात. त्यातल्या एखाद्यानं चुकून "काका, काय बनवताय?" असं विचारलं, की त्या पोराची लोकल गेली.

दाराची बेल हे या घराण्याचं खास काम. काकांच्या दारावर बटण नाही, दोन पितळी खिळे आहेत. दोन्हींवर एकदम बोट टेकवायचं. बोटातून जाणारा करंट मायक्रोअँपिअरच्या हिशेबातला, त्यानं मुंगीसुद्धा दचकणार नाही. पण तो एका ट्रान्झिस्टरनं वाढवून दुसऱ्याच्या बेसला दिला, की बझर वाजण्याइतका होतो. सिडनी डार्लिंग्टन यांना या जोडीचं पेटंट १९५३ साली मिळालं. सगळा कारभार नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, धोका शून्य. हे येणाऱ्याला कळावं म्हणून काकांनी खिळ्यांशेजारी स्वच्छ अक्षरात पाटी लावली: 'शॉक बसत नाही'. तेव्हापासून त्या बेलला कुणीही हात लावलेला नाही. कुरिअरवाला जिन्यातूनच हाक मारतो.

या माणसाला एक प्रश्न कधी विचारू नये, आणि तो आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी विचारला. साहेब मंत्रालयातून निवृत्त झालेले. संध्याकाळी खाली बाकावर बसले असताना, केवळ सभ्यपणानं, ते म्हणाले, "ट्रान्झिस्टर म्हणजे नक्की काय हो? आम्ही आपले रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचो."

काका बाकावर सरकून बसले. "तुमच्या केबिनबाहेर शिपाई होता ना, साहेब?"

"होता की."

"तो बेस. माणसं एका दारानं आत येणार, म्हणजे कलेक्टर. दुसऱ्या दारानं बाहेर पडणार, म्हणजे एमिटर. मधे हा बसलाय. त्याच्या हातावर काही ठेवलं नाही तर दार बंद."

"आमच्या खात्यात असलं काही चालत नव्हतं," साहेब ताठ झाले.

"समजा हो! सिलिकॉनचा शिपाई धरा. सहाशे-सातशे मिलिव्होल्टच्या खाली तो मान वर करून बघतसुद्धा नाही. त्याच्या आधीचा जर्मेनियमचा दोनशे-तीनशेत वळायचा, पण उन्हाळ्यात तापला की काही न घेताच माणसं आत सोडायचा. म्हणून मागं पडला. आता या सिलिकॉनवाल्याच्या हातावर एक रुपया ठेवा, शंभर रुपयांचं काम सरकतं. दोन ठेवा, दोनशेंचं. याला गेन म्हणतात."

साहेब हिशेबाचे पक्के. "म्हणजे ते शंभर शिपाई पदरचे घालतो?"

काकांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. "हेच, हेच लोकांना कळत नाही! पैसा सगळा तिजोरीतला, म्हणजे बॅटरीचा. शिपाई फक्त दार किती उघडायचं ते ठरवतो. तो निर्माण काहीच करत नाही. आणि तुमचा रुपयाही त्याच्या खिशात जात नाही. तो त्या शंभरांच्या बरोबरीनं एमिटरमधून बाहेर."

"मग त्याला काय मिळतं?"

हा प्रश्न बेल प्रयोगशाळेत कुणाला पडला नसावा. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ताप."

मग त्यांनी खिशातून बिलाचा कागद काढला. बारा व्होल्टची बॅटरी, एक अँपिअर खाणारा दिवा. दार अर्धवट उघडं ठेवलं तर अर्धा अँपिअर वाहतो आणि सहा व्होल्ट ट्रान्झिस्टरवरच अडकून पडतात. सहा गुणिले अर्धा, तीन वॉट. एवढा ताप एकट्या शिपायाला. गाणं मोठं करायचं तर दार असंच अर्धवट धरून गाण्याबरोबर पुढेमागे हलवावं लागतं, म्हणून अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमची हीटसिंक बांधतात. पण नुसतं चालू-बंद करायचं असेल तर? दार घट्ट बंद असेल तेव्हा कुणी आतच येत नाही, ताप कसला. सताड उघडं असेल तेव्हा अख्खा एक अँपिअर जातो, पण अडकतात ०.२ व्होल्टच. म्हणजे ०.२ वॉट. शिपाई गारेगार. जो काही ताप होईल तो उघडता-मिटतानाच्या क्षणापुरता.

"म्हणून पल्स द्यायचा, साहेब. झटक्यात उघड, झटक्यात मीट. रेंगाळायचं नाही. आणि एकदा दार सताड उघडलं, की वर कितीही रुपये दिले तरी ते आणखी उघडत नाही. त्याला सॅच्युरेशन म्हणतात. उलट जास्त खाल्लेला शिपाई दार मिटायला उशीर करतो. मोजून दाखवतो, वर या."

साहेब वर गेले नाहीत. बराच वेळ समोरच्या पार्किंगकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "खरं आहे तुमचं. आमच्याकडेही सगळ्यात जास्त ताप अर्धवट दारवाल्यांनाच व्हायचा."

अशा माणसाच्या हाती सोसायटीची पाण्याची टाकी पडली नसती तरच नवल. मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून त्यांनी टाकीत सायकलचे स्पोक सोडले. तांब्याच्या तारा आधी सोडून बघितल्या होत्या, पण डीसी करंटनं त्या पाण्यात हिरव्या पडल्या. पाणी स्पोकला लागलं की पाण्यातून इवलासा करंट ट्रान्झिस्टरच्या बेसला जातो, ट्रान्झिस्टर रिले ओढतो, रिले मोटर बंद करतो. रिलेच्या कॉइलचा करंट एकदम तोडला की ती उलटं व्होल्टेज फेकते आणि ट्रान्झिस्टर जागच्या जागी मरतो, म्हणून तिच्यावर उलटा डायोड लावावा लागतो. काकांना हे पहिल्यापासून माहीत होतं, पण डायोड नंतर लावू म्हणाले होते.

खरी अडचण निराळीच निघाली. टाकी काठोकाठ आली, की पडत्या पाण्यानं लाटा उठायच्या. पाणी स्पोकला लागलं, सुटलं, लागलं, सुटलं. मध्यरात्री मीटरच्या खोलीतून टकटकटकटक असा आवाज यायला लागला आणि वॉचमननं त्या बाजूला गस्त घालणं सोडून दिलं. यावर उपाय श्मिट ट्रिगरचा. चालू व्हायची पातळी वेगळी, बंद व्हायची वेगळी, मधल्या लाटांकडे लक्षच द्यायचं नाही. ही युक्ती ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञानं विद्यार्थिदशेत, १९३०च्या दशकात, शोधली. तेव्हा अर्थातच व्हॉल्व्ह वापरून. तो अभ्यास करत होता स्क्विडच्या, म्हणजे कोकणातल्या माकुलाच्या नसांचा, कारण नसही अर्धवट काही करत नाही, एका मर्यादेपलीकडे टोचलं की पुरा पल्स सोडते. हे सगळं काकांनी सर्वसाधारण सभेत सविस्तर सांगितलं. अर्ध्या सभासदांनी एवढंच ऐकलं, की पिण्याच्या पाण्याच्या टाकीत माकूल सोडायचा प्रस्ताव आहे. तो बहुमतानं फेटाळला गेला. काकांनी सर्किट गुपचूप बसवलं. ते अजून चालतं, आणि दोन शाकाहारी कुटुंबं अजून पाणी उकळून पितात.

काकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो आर्डुइनोवर दिवा लुकलुकवतो. एक दिवा लुकलुकवायला अख्खा कॉम्प्युटर लावलेला बघून काकांना खरोखरच वाईट वाटतं. त्यांनी त्याच्यासमोर दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर झीरो पीसीबीवर जोडले. हा चालू झाला की त्याला बंद पाडतो, तो चालू झाला की याला. दहा किलोओहम, शंभर मायक्रोफॅरॅड, म्हणजे प्रत्येकाची पाळी सुमारे ०.७ सेकंद. पुतण्यानं खिशातला मोबाइल दाखवला. म्हणाला, काका, याच्या एका चिपमध्ये हजार कोटींच्या वर ट्रान्झिस्टर आहेत आणि तेही चालू-बंदच करतात. काकांनी मोबाइल हातात घेऊन उलटासुलटा केला, कडेनं नख फिरवून पाहिलं, उघडायला स्क्रूच नाहीत हे लक्षात आल्यावर परत दिला. "हजार कोटी असतील," म्हणाले, "पण एकाचा तरी पाय हाताला लागतो का?" मला विचाराल तर या भांडणात मी पुतण्याच्या बाजूचा आहे. मात्र त्याचा आर्डुइनो जळला तर तो नवा मागवतो, आणि काका काय जळलं ते वासावरून सांगतात, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

काकांचा खरा मोसम गणपतीत. पूर्वी मंडळांच्या रनिंग लायटिंगला मोटरवर फिरणारा ढोल असायचा, त्यावर घासणाऱ्या पितळी पट्ट्या आणि ठिणग्या. आता बाजारात तयार माळा मिळतात, डबीएवढ्या खोक्यात सगळं बंद. ते खोकं उघडत नाही, एवढ्याच कारणावरून काकांनी ते नाकारलं. यंदा त्यांनी ५५५ घेतला. हान्स कॅमेंझिंड या स्विस माणसाची ही चिप १९७२ पासून बाजारात आहे आणि ठरावीक वेळानं पल्स सोडत राहते. त्यापुढे ४०१७, जो प्रत्येक पल्सला एका पायावरून पुढच्या पायावर सरकतो, असे दहा पाय. पण या पायांतून मिळतो जेमतेम काही मिलिअँपिअर करंट, त्यात माळ कुठली लागायला. म्हणून प्रत्येक पायाला एक ट्रान्झिस्टर, त्यानं ट्रायॅकला ढोसायचं, आणि ट्रायॅकनं २३० व्होल्टची माळ पेटवायची. सगळं एका फळीवर, मखराच्या मागे, उघडं. समोर खुर्ची आडवी टाकलेली आणि तिच्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. ही पाटी मात्र मनापासून होती.

पहिल्या दिवशी आरतीच्या वेळी अचंबा झाला. दिवे संथ पळता पळता मधेच उसळ्या मारायला लागले, दोन-दोन माळा ओलांडून उड्या घ्यायला लागले. टाळ्यांचा गजर आणि वर हे नाचणारे दिवे. लोक खूश. सेक्रेटरींनी स्वतः येऊन काकांच्या पाठीवर थाप मारली. काका घामाघूम. त्यांनी दिवे नाचवलेले नव्हते. तळमजल्यावर काकू प्रसादाचं खोबरं वाटत होत्या, आणि मिक्सरच्या ब्रशच्या ठिणग्यांचे झटके लाइनीतून थेट ४०१७च्या पायापर्यंत पोचत होते. त्या रात्री काकांनी पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस. "कालच्यासारखं नाचत नाही." "वर्गणी तेवढीच घेतली ना?" काका समजावून सांगायला लागले, की काल बिघाड होता, आज ते बरोबर चाललंय. ऐकणार कोण? कपॅसिटर काढून काकूंना आरतीच्या वेळी मिक्सर चालवायला सांगा, असं एकानं सुचवलं. ते काकांच्या जिव्हारी लागलं. बिघाड हवाच असेल तर तो शास्त्रशुद्ध झाला पाहिजे.

ते रात्रभर जागले. पेनाच्या टोपणाएवढा कंडेन्सर माईक, त्यापुढे दोन ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर. टाळी वाजली की माईकमधून काही मिलिव्होल्ट निघतात, ते वाढून व्होल्टांत येतात. पुढे श्मिट ट्रिगर, म्हणजे कुजबूज सोडून द्यायची आणि टाळीचा मात्र चौकोनी, स्वच्छ पल्स करायचा. तो पल्स ४०१७ला. एक टाळी, एक उडी. तिसऱ्या दिवशीच्या आरतीला दिवे टाळ्यांवर असे काही पळाले, की शेजारच्या सोसायटीतली पोरं भिंतीवर चढून बघायला लागली. काका मखराच्या मागे स्टुलावर बसून होते. आरतीच्या प्रसिद्ध लांबलेल्या शेवटाला त्यांनी एकट्यानंच मान डोलावली, बहुतेक ट्रान्झिस्टर गार आहेत म्हणून.

माईकला अर्थात आरती आणि बाकीचं यातला फरक कळत नव्हता. भटजींची घंटा, कुणाची शिंक, रस्त्यावरचा हॉर्न, सगळ्याला दिवे सारखाच मान द्यायचे. विसर्जनाच्या आदल्या रात्री मखरासमोरच हिशेबाची सभा बसली. सेक्रेटरींनी जमाखर्च वाचायला घेतला. त्यांचा आवाज मुळातच चढा, त्यात विरोधक पुढच्या रांगेत. "मंडप!" एक माळ पुढे. "डेकोरेटर!" आणखी एक. "अवांतर खर्च!" यावर तीन माळा झपकन सरकल्या आणि पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यानं आणखी सात. विरोधकांपैकी एकजण उठून ओरडायला लागला, तर त्याच्या वाक्यागणिक त्याच्या मागची भिंत लाल-हिरवी व्हायला लागली. तो वळून बघायचा, विसरायचा, पुन्हा ओरडायचा. अखेर तो बसला. सेक्रेटरींनी आवाज इतका खाली आणला, की अवांतर खर्चाचा आकडा शेवटपर्यंत कुणालाच ऐकू आला नाही, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा हिशेब एकमतानं मंजूर झाला.

सकाळी काकांच्या दारात सेक्रेटरी उभे. पितळी खिळ्यांवर त्यांनी स्वतःहून बोट टेकवलं होतं. वार्षिक सभेला हे सर्किट हॉलमध्ये बसवता येईल का, आणि सभासदांच्या बाजूला माईक दोन जास्त लावले तर खर्च किती वाढेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.